ग्रेगरीला राग का येत नाही?

‘एकतर्फी प्रेमातून’ एवढे दोन शब्द मराठी वर्तमानपत्रात वाचले की पुढच्या ओळीत काय असणार हे आपल्याला न वाचताच कळते. चाकू असतो, नाहीतर ॲसिड, नाहीतर पेट्रोल. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलीला परीक्षेच्या केंद्रात शिरून जाळले गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकले गेले, आणि आठवडाभराने ती गेली. मधल्या तीस वर्षांत अशा कितीतरी मुली गेल्या. दरवेळी आपण मोर्चे काढले, निवेदने दिली, खटले चालवायला मदत केली. दरवेळी आपण हेही सांगितले की याला प्रेम म्हणू नका, ही मालकी आहे. ते बरोबरच होते आणि पुढेही सांगत राहिले पाहिजे.

पण एक प्रश्न आपल्या हातून सुटून जातो असे मला गेली काही वर्षे किशोरवयीन गटांबरोबर काम करताना वाटू लागले आहे. एकतर्फी ओढ ही काही गुन्हेगारांनाच वाटते असे नाही. ती चौदा-पंधराव्या वर्षी जवळजवळ प्रत्येकाला वाटते, मुलग्यांना आणि मुलींनाही. जिच्याबद्दल किंवा ज्याच्याबद्दल वाटते त्या माणसाची आपल्याला धड ओळखही नसते. मग या ओढीचे करायचे काय? ती मुलीने नाकारली तर मुलग्याने काय करायचे? हे त्याला कोण शिकवते? घर शिकवत नाही, शाळा शिकवत नाही, आपली शिबिरेसुद्धा बहुतेक वेळा हिंसेपासून सुरू होतात. म्हणजे मुलगा पाठलाग करू लागला की आपण त्याच्याशी बोलायला लागतो. त्याच्या आधीचे वर्ष-सहा महिने सिनेमे आणि कट्ट्यावरचे मित्र त्याला शिकवत असतात.

या आधीच्या काळाबद्दल बोलायला मला एक सिनेमा फार उपयोगी पडला आहे. तो जुना आहे, परका आहे आणि विनोदी आहे. या तिन्ही गोष्टी आपल्याकडे शंकेने पाहिल्या जातात, म्हणून तो दाखवावा असे मला का वाटते ते जरा विस्ताराने मांडते.

सिनेमाचे नाव ‘ग्रेगरीज गर्ल’. स्कॉटलंडचे दिग्दर्शक बिल फोर्साइथ यांनी तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. १९८१ साली तो प्रदर्शित झाला. खर्च सुमारे दोन लाख पौंड, म्हणजे त्या काळच्या मानानेसुद्धा किरकोळ. मोठी कंपनी नाही, मोठे नट नाहीत. बरीचशी पोरे ग्लासगोच्या युवा नाट्यसंस्थेतली. ग्लासगोतल्या दाटीतून लोकांना बाहेर हलवण्यासाठी कम्बरनॉल्ड नावाचे नवे शहर १९५५ नंतर वसवले गेले. तिथली घरे, पायवाटा आणि अब्रनहिल भागातली सरकारी शाळा यांच्यातच सगळा सिनेमा घडतो. पुढे त्याला ब्रिटिश अकादमीचे उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले.

गोष्ट एवढीशी आहे. ग्रेगरी हा सोळाएक वर्षांचा, भराभर उंच झालेला, हातापायांवर ताबा नसलेला मुलगा. शाळेच्या फुटबॉल संघात आहे, पण संघ हरतोच आहे. शिक्षक नव्या खेळाडूंसाठी चाचणी ठेवतात. तिथे डॉरथी नावाची मुलगी येते. शिक्षक म्हणतात, ही मुलग्यांसाठी आहे. ती हटत नाही. खेळून दाखवते आणि सगळ्या मुलग्यांपेक्षा चांगली खेळते. तिला घ्यावेच लागते. ग्रेगरीची पुढची जागा जाते, तो गोलरक्षक होतो, आणि जिच्यामुळे जागा गेली तिच्याच प्रेमात पडतो. धीर करून तो तिला भेटायला बोलावतो. ती सहज ‘हो’ म्हणते. मित्राचा पांढरा कोट उसना घेऊन तो घड्याळाखाली वाट पाहतो. डॉरथी येत नाही. तिची मैत्रीण येते. ती त्याला थोडे फिरवते आणि दुसऱ्या मैत्रिणीच्या हवाली करते. दुसरी त्याला सूझनपर्यंत पोचवते. सूझनला तो पहिल्यापासून आवडत असतो आणि हा सगळा बेत मुलींनी मिळून ठरवलेला असतो. सूझन आणि ग्रेगरी बागेत जातात, गवतावर उताणे पडून नुसत्या हातांनी नाचतात, पृथ्वी फिरते आहे आणि आपण तिला चिकटून आहोत असल्या गप्पा मारतात. शेवटी ग्रेगरी खूश होऊन घरी येतो.

बस. मारामारी नाही, आत्महत्या नाही, नायिकेला वाचवणे नाही. आपल्या डोळ्यांना सवय नसल्याने पहिल्यांदा पाहताना यात काहीच घडले नाही असे वाटते. पण मुलीने दिलेला शब्द पाळला नाही, तिच्या मैत्रिणींनी मुलग्याला इकडून तिकडे फिरवले, सगळ्या गावासमोर त्याचा पचका झाला, आणि तरी त्याला राग आला नाही. ही घटना लहान नव्हे. आमच्या वस्तीतल्या एका गटात सिनेमा संपल्यावर दहावीतला एक मुलगा म्हणाला, “ताई, त्याचा एवढा पोपट झाला आणि तो हसतोय कसा?” माझ्या दृष्टीने सगळ्या चर्चेचे मूळ या प्रश्नात आहे. ग्रेगरीला राग का येत नाही?

तो स्वभावाने सज्जन आहे, हे उत्तर पुरेसे नाही. सज्जन मुलगेही चिडतात. सिनेमा नीट पाहिला तर दिसते की त्याच्या भोवतीच्या जगाने त्याला चिडण्याचे कारणच दिलेले नाही.

एक म्हणजे त्याचे मित्र. आपल्याकडे ‘भावा, तुझी वाली’ म्हणत मुलग्याला पेटवणारी टोळी असते. मुलीने नाही म्हटले की अपमान त्याचा एकट्याचा राहत नाही, कट्ट्याचा होतो. बऱ्याच प्रकरणांत पोरीला धडा शिकवायची भाषा पहिल्यांदा मित्रांच्या तोंडून आलेली असते, हे आपण केसवर्क करणाऱ्या सगळ्याजणी जाणतो. ग्रेगरीच्या मित्रांनाही मुलींशी कसे बोलावे हे कळत नाही. त्यातले दोघे तर जिथे एका पुरुषामागे आठ बायका आहेत असे त्यांनी ऐकले आहे त्या दक्षिण अमेरिकेतल्या काराकास शहराला जायला रात्री रस्त्यावर गाडी थांबवत उभे राहतात, आणि हातातल्या पाटीवर शहराचे नावही चुकीचे लिहितात. सिनेमा त्यांच्या या अडाणी बढाईला हसतो. पण मुलगी मिळाली नाही म्हणजे मुलगी दोषी, हा विचार या टोळीत कुणाच्या मनात येत नाही. आणि एक मित्र असा आहे की त्याचे सगळे लक्ष स्वयंपाकात. शाळेच्या पाकशास्त्राच्या वर्गात तो मन लावून पदार्थ करतो आणि त्याबद्दल त्याला कुणी बायल्या म्हणत नाही.

दुसरी म्हणजे त्याची बहीण मॅडलिन. ती दहा वर्षांची आहे आणि त्या घरातली सर्वांत शहाणी व्यक्ती आहे. कपडे कोणते घ्यावेत, मुलीशी काय बोलावे हे ती त्याला सांगते आणि तो ऐकतो. आपल्या घरांत थोरला भाऊ म्हणजे बहिणीचा पहारेकरी. तिने कुणाशी बोलावे हे तो ठरवतो. आणि स्वतः मात्र दुसऱ्याच्या बहिणीच्या मागे असतो. गंमत म्हणजे हा पहारेकरी ग्रेगरीच्या अंगातही डोकावतो. मॅडलिनला भेटायला तिच्याच वयाचा एक मुलगा दारात येतो तेव्हा ग्रेगरी एकदम मोठा भाऊ होऊन त्याला झापतो. तेवढ्यात स्वतः मात्र डॉरथीच्या विचारात. हा प्रसंग दोन मिनिटांचा असेल, पण आमच्या गटांत सर्वांत जास्त हशा आणि नंतर सर्वांत जास्त वाद त्यावरच झाला. मुली म्हणाल्या, “आमच्या दादाला दाखवा हे.”

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे डॉरथी स्वतः. तिच्या आयुष्यात ग्रेगरीला नाकारणे हा फार मोठा प्रसंग नाही, कारण तिचे आयुष्य त्याच्याभोवती फिरतच नाही. तिला खेळायचे आहे. ती त्याला पावसात गोलमध्ये उभे करते ते सरावासाठी. शेवटी सगळे आपापल्या गोंधळात असताना ती संध्याकाळी एकटी पळायला निघालेली दिसते. अंधारात एक मुलगी एकटी धावते आहे आणि तिच्या मागे कुणी नाही. या दृश्यापाशी आमच्या मुलींच्या गटात शांतता पसरली. एकीने विचारले, “तिकडे खरंच असं पळता येतं का, रात्रीचं?” याचे सरळ ‘हो’ असे उत्तर मी दिले नाही. तिकडेही बायका अंधारात मागे वळून पाहतच चालतात. पण सिनेमाने निदान तसे कल्पून दाखवले आहे.

डॉरथीला मैदान सहज मिळाले, असा समज मात्र गटात होऊ देऊ नये. त्यामागचा इतिहास सांगावा. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांचे फुटबॉल संघ फार लोकप्रिय झाले होते. डिसेंबर १९२० मध्ये लिव्हरपूलला त्यांचा एक सामना पाहायला ५३,००० प्रेक्षक आले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने हा खेळ बायकांना योग्य नाही असे ठरवून आपल्या सदस्य क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. १९७१ मध्ये युरोपच्या संघटनेत महिला फुटबॉलला मान्यता देण्याचा ठराव आला तेव्हा विरोधी मत देणारा एकमेव देश होता स्कॉटलंड. तिथल्या संघटनेने महिला फुटबॉलला मान्यता दिली १९७४ साली. म्हणजे डॉरथी चाचणीला येऊन उभी राहते ती मान्यतेनंतर अवघ्या सात वर्षांनी. ‘ही मुलग्यांसाठी आहे’ हे शिक्षकाचे वाक्य हसण्यावारी गेले, तरी त्याच्या मागे पन्नास वर्षांचे कुलूप होते. आपल्याकडे वस्तीत एकच मैदान असते आणि संध्याकाळी ते मुलग्यांचे असते, याबद्दल कुणी कधी कागदावर ठराव केलेला नाही. कुलूप मात्र तसेच आहे.

आणि ग्रेगरीची आपली जागा एका मुलीने घेतल्यावरची प्रतिक्रिया काय? ती माझ्यापेक्षा चांगली खेळते, हे तो मान्य करतो. मित्र कुरकुरतात तेव्हा तो तिची बाजू घेतो. त्याच्या ओढीत कौतुक आहे. मुलग्याला मुलीचे रूपच दिसावे, तिचे काम दिसूच नये, अशी आपल्या सिनेमांची शिकवण असताना हे मला मोलाचे वाटते. ज्या मुलीचे कौतुक आहे तिला तोडण्याची इच्छा सहजी होत नाही. तिची मालकी हवी असेल तर होते.

आता मुलींच्या बेताबद्दल. काही मैत्रिणी म्हणतील की मुलींनी मुलग्याला असे हातोहात पुढे ढकलणे म्हणजे त्याची थट्टाच. मला तसे वाटत नाही. मुलींना एकमेकींच्या मनातले माहीत आहे. सूझनला तो आवडतो, डॉरथीला त्यात रस नाही, हे त्या मिळून बसून जुळवतात. एका मुलग्यावरून दोन मुलींत भांडण लावणे हा आपल्या कथा-कादंबऱ्यांचा आणि मालिकांचा जुना धंदा; तो इथे कुणी करत नाही. आणि पुढाकार सूझनचा आहे. सिनेमाचे नाव ‘ग्रेगरीची मुलगी’ असे मालकीचे असले तरी शेवटी मुलगी ग्रेगरीने निवडलेली नसतेच. सूझनने ग्रेगरीला निवडलेले असते. मुलीलाही आवड असते, ती बोलून दाखवू शकते, तिच्या मैत्रिणी त्यात तिला साथ देऊ शकतात, हे सांगणाऱ्या गोष्टी आपल्या मुलींना किती ऐकायला मिळतात? आपण त्यांना ‘नाही’ म्हणायला शिकवतो, ते गरजेचेच आहे. पण जिला ‘हो’ म्हणण्याची मोकळीक नाही तिच्या ‘नाही’लाही लोक किंमत देत नाहीत. ‘मनात हो असेल, लाजते आहे’ असे म्हणून ते पुसून टाकतात. दोन्ही शब्द तिचेच असले पाहिजेत.

सिनेमात दोष नाहीत असे नाही, आणि ते झाकून तो दाखवू नये. सुरुवातच अशी आहे की मुलगे झुडपाआडून एका नर्सच्या खिडकीत डोकावत आहेत, ती कपडे बदलते आहे, आणि प्रेक्षकांनी हसावे अशी अपेक्षा आहे. आम्ही हे दृश्य मोठ्या मुलांच्या गटातच आणि थांबवून दाखवतो. ‘त्या बाईला हे कळले असते तर तिला काय वाटले असते?’ एवढाच प्रश्न विचारतो. लपून पाहणे हा आपल्याकडे २०१३ पासून गुन्हा आहे हेही सांगतो. दुसरे, डॉरथी आपल्याला बहुतेक वेळ ग्रेगरीच्या नजरेतूनच दिसते. तिचे घर नाही, तिची काळजी नाही, तिच्या मनात काय चालले आहे ते नाही. तिसरे, मुलग्याला शहाणे करण्याचे काम इथेही बहीण, मैत्रिणी आणि सूझन यांच्याच गळ्यात पडले आहे. मुलग्यांनी एकमेकांना शहाणे करावे हे सिनेमालाही सुचलेले नाही. आणि चौथे, डॉरथी त्याला तोंडावर ‘नाही’ म्हणतच नाही. ती येत नाही एवढेच. आमच्या गटात मुलींनी यावर एक चांगली गोष्ट केली. न येण्याऐवजी डॉरथी स्वतः येऊन सांगते असा प्रवेश त्यांनी बसवला. चार मुलींनी चार तऱ्हांनी ‘नाही’ म्हणून पाहिले. चौघींनाही आवाज स्थिर ठेवता आला नाही. नाटकातसुद्धा भीती वाटली. ही भीती कुठून येते, यावर नंतर तासभर बोलणे झाले.

‘हे सगळे तिकडचे, आपल्याकडे काय उपयोग’ असा आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. कम्बरनॉल्डमध्ये जात नाही. डॉरथी आणि ग्रेगरी एकाच तऱ्हेच्या घरांत राहतात, त्यांच्या भेटीने कुणाच्या घराण्याची अब्रू जात नाही. आपल्याकडे एप्रिल २०१४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्डा गावी एका सतरा वर्षांच्या दलित मुलाला वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारून टाकले गेले, आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. इथे मुलग्याचा पचका होत नाही, त्याचा जीव जातो. म्हणून ‘मुलगा पाठलाग करतो, मुलगी बळी जाते’ एवढ्या एकाच साच्यात आपल्याला बसता येणार नाही. कोणत्या मुलग्याच्या ओढीला गाव हसून माफ करते आणि कोणाच्या ओढीला मृत्युदंड देते, हे जातीवरून ठरते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये जब्याची ओढही एकतर्फीच आहे. शालूला तिचा पत्ताही नाही. पण त्याच्या हातातला दगड शालूवर उगारलेला नाही, त्याला हसणाऱ्या गावावर आहे. ‘ग्रेगरी’ आणि ‘फँड्री’ शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर एकाच वयाची एकच भावना कुठे विनोद होते आणि कुठे जखम, ते मुलांना लगेच दिसते. मला वाटते हे दोन्ही एकत्रच दाखवावेत.

बाकी आपल्या पडद्याने मुलग्यांना जे शिकवले ते काही अभिमानाचे नाही. १९९३ च्या ‘डर’मध्ये पाठलाग करणारा खलनायक होता, पण टाळ्या त्यालाच पडल्या. त्यानंतरही मुलीच्या मागे मागे फिरून, तिला जेरीला आणून शेवटी तिचे प्रेम मिळवणारे नायक येतच राहिले. ‘लगे रहो’ हा सल्ला त्यांनी तीन पिढ्यांना दिला. ग्रेगरी ‘लगे रहो’ ऐकत नाही. एक दार बंद झाले तेव्हा तो ते ठोठावत बसत नाही, शेजारी कुणीतरी बोलते आहे ते ऐकतो. हा साधा गुण पडद्यावर इतका विरळा का, हे मुलांनाच विचारावे.

दुसरा आक्षेप घरच्यांकडून येतो. ‘असले सिनेमे दाखवून तुम्ही पोरांना बिघडवता.’ या बोलण्याला आपल्या राज्यात सत्तेचा आधार मिळालेला आहे. २००७ साली विधिमंडळात गदारोळ झाला आणि शाळांतून येऊ घातलेले लैंगिकता शिक्षण महाराष्ट्र सरकारने थांबवले. पण न बोलल्याने काय होते ते आपण रोज पाहतो. मुलीच्या वहीत चिठ्ठी सापडली तर शाळा मुलीची सुटते. पुढच्या मे महिन्यात तिचे लग्न ठरते. ओढ मुलग्याची, शिक्षा मुलीला. आणि ओढ दोघांची असेल तर आता कायदा हाताशी असतो. संमतीचे वय पूर्वी सोळा होते, २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने ते अठरा झाले. लहान मुलांना वाचवण्यासाठी तो कायदा हवाच होता. पण सतरा वर्षांची मुलगी आणि अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा राजीखुशीने निघून गेले तरी मुलगा आरोपी होतो, आणि मुलीच्या बापाला, विशेषतः मुलगा खालच्या मानलेल्या जातीचा असेल तेव्हा, ते शस्त्र सापडते. मुलीची साक्ष कुणी ऐकत नाही. पाठलागाविरुद्धचे कलम २०१३ मध्ये आपल्या सर्वांच्या लढ्यातून आले, आज ते भारतीय न्याय संहितेत ७८ व्या क्रमांकावर आहे. ते वापरायला पोलीस कुरकुरतात, आणि राजीखुशीच्या प्रकरणात मात्र धावत येतात. कायदा कडक करा, ही मागणी करताना या उलट्या कारभाराचाही विचार आपण केला पाहिजे. कायदा गुन्हा झाल्यावर येतो. गुन्ह्याच्या आधी जे वय आहे, त्याची जबाबदारी कायद्यावर टाकता येत नाही.

एक इशाराही या सिनेमाच्या निमित्ताने द्यायचा आहे. अठरा वर्षांनी, १९९९ मध्ये, फोर्साइथ यांनी याचा पुढचा भाग काढला, ‘ग्रेगरीज टू गर्ल्स’. तोच नट, तोच ग्रेगरी, पण आता पस्तिशीच्या आसपासचा, आपल्याच जुन्या शाळेत शिक्षक. आणि त्याच्या स्वप्नात येते ती त्याची सोळा वर्षांची विद्यार्थिनी. त्या सिनेमात इतरही बरेच काही आहे, पण प्रेक्षकांना तो पहिल्यासारखा गोड वाटला नाही, आणि वाटू नयेच. सोळा वर्षांच्या मुलग्याचे सोळा वर्षांच्या मुलीकडे ओढले जाणे आणि शिक्षकाचे विद्यार्थिनीकडे ओढले जाणे, यांत तोच माणूस असला तरी गोष्ट बदलते. मधे सत्ता येते. गुण देणारा, वर्गात उभे करणारा, पालकांना बोलावणारा माणूस जेव्हा ‘मला तू आवडतेस’ म्हणतो तेव्हा मुलीच्या ‘हो’लाही अर्थ उरत नाही. शिकवणीचे मास्तर, दुकानाचा मालक, नात्यातला थोर पुरुष यांच्याबद्दल बोलताना ही तुलना मुलींना चटकन समजते. भोळी चूक आणि गैरफायदा यांच्यातली रेघ वयाने आणि अधिकाराने आखली जाते, भावनेच्या खरेपणाने नाही.

गटात दाखवायचा असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. यातली भाषा अवघड आहे. अमेरिकेत दाखवतानासुद्धा मुलांचे स्कॉटिश उच्चार सौम्य करून आवाज पुन्हा भरावा लागला होता. त्यामुळे आपली मुले इंग्रजी माध्यमाची असली तरी त्यांना समजेल असे धरू नये. आम्ही एका कार्यकर्तीने आधी पाहून टिपणे काढून, मधे मधे थांबवून मराठीत सांगत दाखवला. दीड तासाच्या सिनेमाला तीन तास लागतात, दोन बैठका ठेवाव्यात. आधी मुलींना वेगळा दाखवावा, म्हणजे त्या मोकळेपणी हसतात आणि बोलतात. मग मुलग्यांना, आणि तिसऱ्या वेळी दोघांना एकत्र. मुलग्यांच्या बैठकीला पुरुष कार्यकर्ता असेल तर उत्तम; सगळे शहाणपण ताईंनीच सांगायचे ही सवय इथेही मोडायला हवी. आणि चर्चेच्या शेवटी उपदेश टाळावा. सिनेमा उपदेश करत नाही, म्हणूनच पोरे ऐकतात.

विनोदाबद्दल शेवटचे. आपल्या चळवळीला हसायचे वावडे आहे असा आरोप होतो. तो खोटा आहे, आपल्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते ठाऊक आहे. पण मुलग्यांच्या प्रेमाबद्दल बोलताना आपण खरेच हसत नाही, कारण त्याचा शेवट काय होतो ते आपण शवागारात पाहिलेले असते. ते दुःख खरे आहे. तरी मला वाटते, मुलग्याच्या ओढीला एकीकडे सिनेमा देवत्व देतो आणि दुसरीकडे आपण तिला फक्त धोका म्हणून पाहतो. दोन्हीकडून तिचे वजन वाढतच जाते. ‘तिच्याविना मरेन, नाहीतर तिला मारेन’ म्हणणाऱ्या मुलग्याला कुणीतरी वेळेवर, प्रेमाने, खांद्यावर हात ठेवून हसून सांगायला हवे होते की बाळा, तुला ती मुलगी माहीतसुद्धा नाही. हे सगळ्यांना होते, तुलाही झाले आहे, यात तुझी इज्जत जात नाही. पंधराव्या वर्षी ज्याला स्वतःवर हसता येते तो पंचविसाव्या वर्षी पेट्रोल हातात घेईल अशी शक्यता कमी असते, असा माझा विश्वास आहे.

ज्या गटांनी हा किंवा असा दुसरा सिनेमा मुलग्या-मुलींबरोबर पाहिला असेल त्यांनी आपले अनुभव जरूर लिहून पाठवावेत, विशेषतः मुलगे काय बोलले ते. त्यांचे बोलणे आपल्याकडे फार कमी नोंदले गेले आहे.